आधी आळी, मग गोधडी

होळी पेटली की जुन्नर-आंबेगावच्या बाईला दिवस पुरत नाही. कांदा काढून बराखीत टाकायचा असतो, पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातल्या बायांना हिरड्याचे वेध लागलेले असतात, परसात भेंडी-गवार टाकायची वेळ टळत चाललेली असते. आणि माळ्यावर गेल्या उन्हाळ्यात शिवायला घेतलेल्या, मृगाचा पाऊस आला म्हणून गुंडाळून ठेवलेल्या गोधड्या. एक नाही, दोन-तीन!

पोरींनो, सगळं एकदम अंगावर घेऊ नका. काकडी-दुधीचं बी फाल्गुनात मातीत गेलं नाही, तर वेल मांडवावर चढेपर्यंत वैशाखाचं ऊन डोक्यावर येतं आणि फूल गळून जातं. गोधडी आणखी महिनाभर पडून राहिली तर तिचं काही बिघडत नाही. म्हणून आधी आळी करा, बी टाका, पाणी द्या, मग माळ्याकडे बघा.

दिवस उन्हावर वाटून घ्यायचा. सकाळी ऊन चढायच्या आत माती. दुपारी जेवणं उरकली की ओटीवर सुई. पाणी संध्याकाळी, पण दिवस मावळायच्या आत. ऊसतोडीच्या दिवसांत बिबट्याचा आसरा मोडतो, तो वस्तीजवळ फिरतो. वाकून किंवा बसून काम करणाऱ्या माणसाचा त्याला अंदाज येत नाही, ते त्याला छोटं जनावरच वाटतं. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, ते उगाच नाही. तेव्हा तिन्हीसांजेला मिरचीच्या वाफ्यात एकटीनं वाकून खुरपायचं नाही. राहिलं तण तर राहू दे.

मातीतून उठून थेट सुईला बसू नका. बाजरीचं पीठ हाताला चोळून हात धुवा, नखातली माती निघते. खोबरेल लावायचा मोह होतो, पण गोधडीत घातलेल्या धोतराच्या पांढऱ्या पदरावर तेलाचा डाग बसला की जात नाही.

आता गोधडी. माळ्यावरून सगळ्या खाली काढा, उन्हात पसरा आणि एकच निवडा. जिचं काम सगळ्यात कमी राहिलंय ती आधी. घरात बाळ येणार असेल तर त्याचं दुपटं सगळ्यांच्या पुढे. बाकीच्या परत वर. दोन गोधड्या एकदम अंथरल्या की दोन्ही अर्ध्याच राहतात, हे मी कितीतरी घरांत बघितलंय.

अर्धवट गोधडी धुऊ नका. आपण कडेनं धावदोरा घालत फेऱ्या मारत आत जातो, त्यामुळे कडा पक्क्या असतात आणि मधला भाग मोकळा. अशी गोधडी पाण्यात गेली की मधले पदर सरकतात, कुठे आटतात, कुठे गोळा होतात. नुसतं कडक ऊन द्या. मग सपाट जमिनीवर अंथरून कडेकडून मध्याकडे तळहातानं दाबत या. मध्ये झोळ आला तर तो आत ढकलत शिवू नका, शेवटी फुगा होऊन बसतो. शेवटच्या दोन फेऱ्या उसवा, पदर सारखे करा, मधोमध आडवे-उभे कच्चे टाके घाला आणि पुन्हा निघा. उसवायला अर्धी दुपार जाते. जाऊ दे.

थांबायची वेळ आली तर कोपऱ्यावर थांबा, बाजूच्या मध्यावर नाही. म्हणजे पुढच्या खेपेला फेरी कुठून उचलायची ते शोधावं लागत नाही. गाठ न मारता वीतभर दोरा मोकळा सोडा. सुई मात्र काढून घ्या. ती गंजते, कापडावर डाग पडतो आणि लेकरांच्या पायाला टोचते. उरलेली ठिगळं आणि दोऱ्याचं रीळ त्याच गुंडाळीत ठेवा, पुढच्या वर्षी त्या रंगाचा दोरा मिळेलच असं नाही. घडी घालायची नाही, गुंडाळायची. आत वाळलेला कडुलिंबाचा पाला, वरून काठाच्या पट्टीनं बांधायचं आणि उंदीर पोचणार नाही अशी वळणीवर टांगायची.

कापड सुतीच घ्या. नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट. चार पदरी घडी घातली की पावणेसात फूट लांबी होते, पन्हा चारेक फुटांचा, एका माणसाला पुरेशी. हल्ली जुनी लुगडी मिळत नाहीत म्हणून घसरत्या साड्या घालतात. त्या सुईखाली सरकतात आणि अंगाला उकडतात. अशी गोधडी मशीनवर मारून ट्रॅक्टरच्या सीटवर टाका, तिथे छान चालते.

लुगड्याचं जे अगदी विरलेलं असेल, ते परसात न्या. काठाच्या पट्ट्यांनी दोडक्याचा वेल बांधला तर देठ कापला जात नाही, नायलॉनची दोरी कापते. फाटकी सुती गोधडी ओली करून कढीपत्त्याच्या रोपाभोवती अंथरा, ओल टिकते आणि कापड मातीत जिरतं. मोठ्या झाडांना उसाचं पाचट पसरा, ते पेटवण्यापेक्षा बरं. तांदूळ धुतलेलं पाणी मिरची-वांग्याला, न्हाणीचं अळू-केळीला. बी गावठीच ठेवा, राखेत घोळवून मडक्यात. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना अशाच गावठी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

अक्षय्य तृतीयेला पावसाळी वेलांची आळी घालायची आपली चाल आहे. तोवर परसाची घाई ओसरते आणि दुपारबरोबर सकाळही गोधडीला मिळते. तिथून मृगापर्यंत, म्हणजे ७-८ जूनपर्यंत, हातातली गोधडी पुरी करायची. भीमाशंकर-माळशेजकडच्या बायांनी आठवडाभर आधीच आटपावं, तिकडे आभाळ लवकर भरून येतं आणि घरात टाका दिसेनासा होतो.

आणि यंदा कुणी नवं लुगडं आणून दिलं, तर ते ट्रंकेत ठेवा. माळ्यावरची एक तरी उतरल्याशिवाय नवी गोधडी अंथरायची नाही.