हातोड्याआधी हुकूम

बाळा, बाथरूमखालचा स्लॅब ठिबकतोय आणि तुझा हात शिवशिवतोय, ठाऊक आहे मला. पण बिल्डरशी वाद आहे ना? मग कोर्टाचा हुकूम येईपर्यंत हातोडी माळ्यावर ठेव. हुकमाआधी हातोडा, तर पुराव्याचा राडारोडा.

१. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत दोष दिसला की त्याच दिवशी लेखी कळव – रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, आणि तोंडी तक्रारीला तारीख नसते.

२. आधी न फोडता होणाऱ्या चाचण्या करून घे. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक – नुसत्या संशयावर फोडून तपासायचा अर्ज केलास तर ‘हे पुरावा गोळा करायला आलेत’ एवढ्या एका वाक्यावर तो उडू शकतो.

३. दिवाणी दावा असेल तर वकिलांना दोन वाटा विचार: नमुने घेण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९ नियम ७, शास्त्रीय तपासाला कमिशनर हवा तर आदेश २६ नियम १०-अ. करारात लवाद असेल तर १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम ९ आहे.

४. अर्जात ‘आवश्यक ती तपासणी’ असं मोघम लिहू नकोस. कुठल्या कॉलममधून किती कोअर (ड्रिलने काढलेले काँक्रीटचे गोल नमुने), किती व्यासाचे, किती खोल, काढणार कोण, भोक कशाने बुजवणार आणि कोणाच्या खर्चाने, सगळं लिही आणि नकाशावर खुणा करून जोड – मोघम हुकूम, दारात धूम.

५. कोअर तीनपेक्षा कमी मागू नकोस. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ तसंच सांगतं. सरासरी ताकद ठरलेल्या ग्रेडच्या ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको, म्हणजे एम-२५ ला सरासरी २१.२५ आणि प्रत्येकी किमान १८.७५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर – दोन कोअरवर तुझा तज्ज्ञ उलटतपासणीत टिकायचा नाही.

६. ड्रिल लावण्याआधी कव्हर मीटरने सळया शोधून खडूने आखून घे – सळई कापली गेली तर समोरचा म्हणेल, नुकसान तुम्हीच केलंत.

७. वरच्या घरातलं बाथरूम उकरायचं असेल तर त्या वहिनींशी आधी बोल, लेखी संमती घे – त्या दाव्यात नाहीत, आणि पंधरा दिवस बादलीने अंघोळ त्यांना करायची आहे.

८. समोरच्याला तारीख-वेळ लेखी कळव – आला तर सही करेल, नाही आला तर ‘आम्हाला कळवलंच नाही’ म्हणता येणार नाही.

९. उकरताना घाई नको. टाइल निघाली, फोटो. खालचा मसाला निघाला, फोटो. ब्रिकबॅट कोबा निघाला, पुन्हा फोटो, प्रत्येक वेळी बाजूला फुटपट्टी. कोअर बाहेर आला की ओला असतानाच त्यावर नंबर आणि वरची बाजू लिही, पिशवी सील कर, दोन्हीकडच्या सह्या घे – पाणी नेमकं कुठल्या थरातून उतरलं ते एकदाच दिसतं, कोबा पुन्हा तसा घालता येत नाही.

१०. कमिशनरचा खर्च बहुधा आधी कोर्टात भरावा लागतो, तेव्हा दावा सोसायटीचा असेल तर जनरल बॉडीचा ठराव वेळेत करून ठेव.

११. आणि स्लॅब खरोखर खाली येतोय असं वाटलं तर यातलं काही पाळत बसू नकोस. खोली रिकामी कर, टेकू लाव, महापालिकेला कळव, जाता जाता चार फोटो काढ. अर्ज उद्या करता येईल. मुलांना आज रात्री त्या खोलीत झोपवू नकोस.