भोकं असलेली होडी बुडत का नाही?

प्रश्न: आम्ही दोघं नवरा-बायको पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहोत. पवना धरणाच्या बॅकवॉटरला भाड्याच्या कयाकमध्ये बसलो आणि आता स्वतःची घ्यावी असं मनात आहे. दुकानदार म्हणतो, लांब घ्या, वेगात जाते. मित्र म्हणतो, रुंद घ्या, उलटत नाही. कॅनडातला भाचा म्हणतो, आत पाय घालून बसायची तीच खरी कयाक. वरून बसायची जी कयाक दुकानात पाहिली, तिच्या तळाला तर चक्क भोकं होती! ती बुडत कशी नाही? माझं वजन 84 किलो. पोहता येतं, पण दम लागतो. बायकोला अजिबात येत नाही. राहायला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काय घ्यावं?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: तुमच्या तिन्ही सल्लागारांपैकी कुणीच खोटं बोलत नाही. फक्त तिघांच्या डोळ्यांसमोर तीन वेगळी पाणी आहेत. आपण भोकांपासून सुरुवात करू, कारण ती समजली की निम्मी निवड होऊन जाते.

वरून बसायची कयाक म्हणजे सगळीकडून बंद असलेलं, आतून पोकळ असं प्लॅस्टिकचं कवच. आत कोंडलेल्या हवेमुळे ती तरंगते. तळाची भोकं त्या पोकळीत उघडतच नाहीत. बैठकीपासून तळापर्यंत आरपार गेलेल्या त्या नळ्या आहेत. मेदूवड्याचं भोक जसं वड्याच्या बाहेरच असतं, तशी ही भोकं कयाकच्या बाहेरच असतात. नळीतलं पाणी बाहेरच्या पाण्याच्या पातळीइतकं चढतं आणि थांबतं. बैठक त्या पातळीच्या काही सेंटिमीटर वर असते, म्हणून लाटेचं किंवा वल्ह्यावरून ठिबकलेलं पाणी तिथे साचलं की नळीवाटे खाली निघून जातं. भोकं आहेत ती पाण्याला बाहेर काढण्यासाठी.

मात्र हे ‘काही सेंटिमीटर’ जपायला हवेत. सुमारे तीन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद कयाकने पाण्यावर व्यापलेली जागा साधारण 1.6 चौरस मीटर भरते. त्यावरून हिशेब केला तर दर दहा किलो वजनामागे ती सहा मिलिमीटर खाली बसते. तीस किलो जादा झाले की जवळजवळ दोन सेंटिमीटर गेले. मग पाणी त्याच नळ्यांतून वर येतं. भोकं बंद करायला बुचं मिळतात, पण ती लावली की वरून आलेलं पाणीही अडून राहतं.

म्हणून कागदावर छापलेली वजनक्षमता ही शेवटची हद्द समजावी आणि तिच्या दोन-तृतीयांशापर्यंतच वजन ठेवावं. तुमचे 84 किलो, शिवाय जॅकेट, पाण्याची बाटली, डबा, पिशवी धरून 92 होतील. म्हणजे 140 किलोच्या आसपास क्षमता पाहा. 110 किलोची कयाक दुकानदार आनंदाने विकेल आणि ती बुडणारही नाही. फक्त तुमची विजार कोरडी राहणार नाही.

आता भाच्याचा सल्ला. कॅनडातल्या कित्येक तळ्यांचं पाणी उन्हाळ्यातही गार असतं. पंधरा अंशांखालच्या पाण्यात माणूस अचानक पडला तर पहिल्या मिनिटातच श्वासावरचा ताबा सुटतो. तिथे आत बसून कंबरेखालचा भाग वारा-पाण्यापासून झाकणं शहाणपणाचं आहे. पवनेला हे कारण उरत नाही. उलट मार्च-एप्रिलच्या उन्हात बंद कयाकमध्ये पाय शिजतात.

आत बसायच्या कयाकबद्दल एक भीती मात्र लोक उगाच बाळगतात. ती उलटली तर पाय अडकून आपण आतच राहू, असं त्यांना वाटतं. हौशी लोकांसाठीच्या कयाकचं तोंड इतकं मोठं असतं की माणूस आपोआप बाहेर पडतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. होडी पाण्याने भरते. आत आडव्या भिंती किंवा हवेच्या पिशव्या नसतील तर शंभर-दीडशे लिटर पाणी सहज शिरतं, म्हणजे तितकेच किलो. ते तळ्याच्या मध्यावर, खाली पाय टेकत नसताना, एकट्याने उपसणं सरावलेल्या माणसालाही जड जातं. वरून बसायची कयाक उलटली तर तिला सरळ करायचं, पोटावर आडवं होऊन चढायचं आणि वळून बसायचं. पाणी आपलं आपण जातं.

पहिली कयाक कोणती, असं कुणी विचारलं की मी आधी हेच पाहतो: उलटल्यावर काय होणार? आणि त्याच्या पाठोपाठ, ती काठापर्यंत उचलून कोण नेणार? सरळ तरंगत असताना बहुतेक सगळ्याच बऱ्या असतात.

मित्राचं म्हणणं रुंदीबद्दल आहे आणि त्याला भक्कम आधार आहे. होडी एका बाजूला कलली की त्या बाजूचा भाग अधिक बुडतो आणि पाणी तिला तिथून वर रेटतं. हा रेटा मध्यापासून जितका दूर, तितका जोरदार. लांबी तेवढीच ठेवून रुंदी वाढवली, तर कलण्याला होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. साठ सेंटिमीटरऐवजी पंचाहत्तर घेतली की तो जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून नवख्यांसाठी पंचाहत्तर ते ऐंशी सेंटिमीटर ठीक. त्याहून रुंद घेतली तर वल्हं पाण्यापर्यंत पोचवायला दर वेळी वाकावं लागतं आणि बोटांची सालं कडेवर घासतात. या रुंदीला वल्हंही लांब हवं, 230 ते 240 सेंटिमीटरचं. आणखी एक गोष्ट दुकानात लक्षात येत नाही. उंच, गुबगुबीत खुर्ची आरामशीर वाटते, पण ती तुमचं वजन वर उचलते आणि रुंदीने दिलेली स्थिरता तेवढी कमी करते.

दुकानदाराची लांबी मात्र तुमच्या फारशी उपयोगाची नाही. होडी पुढे जाताना स्वतःच्याच लाटेत अडकते आणि लांब होडीची लाट लांब असल्याने तिची वेगमर्यादा जास्त असते, हे खरं. पाण्याला टेकलेली लांबी दहा फूट असेल तर ही मर्यादा ताशी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास येते, चौदा फुटांना सव्वानऊ. पण हौशी माणूस निवांतपणे वल्हवताना ताशी चार-पाच किलोमीटरच जातो. जो वेग वापरायचाच नाही त्यासाठी चार फूट प्लॅस्टिक वाहून नेण्यात अर्थ नाही. लांबीचा खरा फायदा सरळ जाण्यात आहे. आखूड आणि रुंद कयाक प्रत्येक वल्ह्याबरोबर नाक डावीकडे-उजवीकडे वळवते. तळाला मागच्या बाजूला छोटा पंख असेल तर ही खोड बरीच आवरते. दहा-अकरा फूट तुम्हाला पुरे.

आता जिना. साच्यातून काढलेल्या पॉलिथिलीनच्या दहा-अकरा फुटी कयाकचं वजन बावीस ते अठ्ठावीस किलो असतं आणि दोघांनी बसायची तीस-पस्तीसच्या घरात जाते. तिसरा मजला, वळणाचा जिना आणि शेजाऱ्यांच्या चपला हा मार्ग दोनदा केला की हौस फिटते. खाली पार्किंगमध्ये सोसायटीने जागा दिली तर गोष्ट वेगळी. तीही सावलीत हवी, कारण ऊन प्लॅस्टिकला ठिसूळ करतं. तळावर आडवी टाकून न ठेवता कडेवर उभी ठेवावी, नाहीतर तळाला पोचा पडतो.

जागा नसेल तर हवा भरायची कयाक घ्या. तिला खेळणं समजून हसण्याचे दिवस गेले. चांगल्या कयाकमध्ये हवेचे कप्पे वेगवेगळे असतात, त्यामुळे एक फुटला तरी बाकीचे तारतात. वजन दहा ते सतरा किलो, पिशवीत मावते आणि गाडीच्या डिकीतही. तिची दुखणी वेगळी आहेत. धरणाच्या काठावर बाभळीचे काटे पसरलेले असतात, म्हणून ती ओढत नेऊ नये, उचलून न्यावी. दुपारी काठावर उन्हात ठेवायची तर थोडी हवा सोडा. आतली हवा तापून दाब वाढतो आणि शिवण फाटते. घरी आल्यावर पूर्ण वाळवल्याशिवाय घडी घातली तर बुरशी येते. हलकी आणि पाण्यावर उंच असल्याने वाराही तिला लवकर पळवतो.

वाऱ्याचं म्हणाल तर सह्याद्रीतल्या जलाशयांवर सकाळ शांत असते आणि दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो. मे महिन्यात वळवाच्या आधीचे झोत त्याहून वाईट. म्हणून सकाळी लवकर उतरा आणि जाताना वाऱ्याच्या दिशेला तोंड करून जा, म्हणजे दमल्यावर परतताना तोच वारा मदतीला येईल. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, गाळाचा पट्टा उघडा पडतो आणि एरवी बुडालेले झाडांचे बुंधे वर येऊ लागतात. धरणाची भिंत, सांडवा आणि दरवाजे यांच्या जवळपास फिरकू नका. परवानगीची चौकशी धरणाच्या कार्यालयात आधीच करा. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला प्यायला जातं, त्यामुळे तिथल्या लोकांना ही विचारपूस आवडेल.

जॅकेटबद्दलही एक गैरसमज आहे. 84 किलोच्या माणसाला 84 किलो उचलणारं जॅकेट लागत नाही. पाण्यात शरीराचं वजन जेमतेम काही किलो उरतं, कारण आपली घनता पाण्याच्या जवळपास असते. 50 न्यूटनचं जॅकेट सुमारे पाच किलोची उचल देतं आणि चांगलं पोहणाऱ्याला ते पुरतं. तुम्ही लवकर दमता आणि वहिनींना पोहता येत नाही, म्हणून दोघांनीही 100 न्यूटनचं घ्या. कयाकमध्ये पैसे वाचवायचे असतील तर वाचवा, यात नको.

उरला प्रश्न दोघांची एक की एकेकाच्या दोन. खाली जागा मिळाली तर वरून बसायच्या दोन घ्या. जोडीच्या कयाकमध्ये मागच्याने दिशा सांभाळायची आणि पुढच्याने ताल धरायचा असतो, आणि चूक कुणाची यावर तळ्याच्या मध्यावर एकमत होत नाही. जिनाच चढायचा असेल तर हवेची दोघांची एकच घ्या. वहिनींनी त्याआधी पोहायला शिकून घ्यावं. तोवर कयाक दुकानात थांबेल.