स्पर्शावाचून मोजलेले चित्र



रंगीत छायाचित्र घेतले म्हणजे जुन्या चित्राची नोंद पूर्ण झाली, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा होय. छायाचित्र रंग दाखविते. परंतु कागद किती फुगला, रंगाची खपली कोठे उचलली गेली, हे त्यातून मोजता येत नाही.

इटालियन चित्रकार राफाएल याने सुमारे १५१५-१६ साली सिस्टाइन चॅपेलच्या विणीव चित्रपडद्यांसाठी मोठे नमुने रंगविले. त्यांपैकी सात आज उरले असून १८६५ पासून ते लंडनच्या एका संग्रहालयात (आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) आहेत. प्रत्येकाची उंची ३ मीटरहून अधिक. कित्येकांची रुंदी ५ मीटरहून अधिक. आणि हे सारे कापडावर नव्हे, तर एकमेकांस चिकटविलेल्या कागदाच्या तावांवर! ब्रसेल्सच्या विणकरांच्या सोयीसाठी त्यांच्या पट्ट्या कापल्या गेल्या. त्या पुढे पुन्हा जोडण्यात आल्या. अशा जीर्ण वस्तूस मोजपट्टी लावणार कशी?

२०१९ साली माद्रिदच्या फॅक्टम फाउंडेशनने त्यांची त्रिमिती नोंद केली. लेसर-किरणाची बारीक रेषा पृष्ठावर सोडतात व कॅमेरा ती तिरकस कोनातून पाहतो. पृष्ठ सपाट असेल तेथे रेषा सरळ दिसते. उंचवटा वा खळगा येताच ती वाकते. त्या वाकण्यावरून गणकयंत्र उंची काढते. अशा रीतीने थोडे थोडे करून सर्व चित्र व्यापतात. रंग वगळून हे पृष्ठ करड्या छटेत पाहिले, की पट्ट्यांचे सांधे आणि आकृत्यांच्या कडेने टाचणीने पाडलेली छिद्रे उठून दिसतात. आपल्याकडील रांगोळीच्या छिद्रांच्या कागदाची येथे सहज आठवण होते. यंत्र चित्र दुरुस्त करीत नाही, हे मात्र मुलांस स्पष्ट सांगावे. ते काम जाणत्या हातांचेच आहे.

तत्त्व समजाविण्यास विजेरी, ताणलेला दोरा व चुरगाळून उलगडलेला कागद पुरे. खोलीत अंधार करून दोऱ्याची सावली कागदावर पाडावी. विजेरीच्या मागे उभ्या असलेल्या मुलास ती जवळजवळ सरळच दिसेल. बाजूस उभ्या असलेल्यास नागमोडी. माझ्या वर्गात या दोघांचे चांगलेच भांडण जुंपले होते! दोघांच्याही जागा बदलाव्यात. नंतर बाजूने दिसणारी रेषा वहीत काढून घ्यावी, विजेरी, दोरा व पाहणारा यांच्या जागा खडूने आखून ठेवाव्यात आणि तोच कागद पावसाळी हवेत महिनाभर टांगून पुन्हा पाहावा. पहिली आकृती जपून ठेवलेली असेल, तरच फरक सांगता येईल.