दर बदलला, पण भलत्याच चटणीचा: गिटच्या रीबेसमधला घोळ आणि त्यावरचा इलाज

या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला म्हणून भरभर सांगितलं, ते इथे सावकाश लिहितोय. तुमची वेबसाइट असेल किंवा करून घ्यायचा विचार असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा. कोडिंग यायची गरज नाही. मलाही येत नाही.

आधी झालं काय ते सांगतो. आमच्या ऑनलाइन दुकानाचं दरपत्रक एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असायचं. प्रत्येक चटणीला आठ ओळी. पहिलीत नाव, मग वजन, पॅकिंग, किती दिवस टिकते, पाचव्या ओळीत दर, त्याखाली साठा, घरपोच, किमान ऑर्डर. शेंगदाणा, कारळं, जवस, सगळ्या २०० ग्रॅमच्या, सगळ्या ९० रुपयांना. म्हणजे नावाची ओळ सोडली तर तिन्हींच्या ओळी अगदी सारख्या.

जवस महागला. वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाला म्हटलं, जवसाचा दर ११० कर. त्याने केला. त्याच दिवशी बायकोने यादीत सगळ्यात वर लसणाची चटणी घातली. दोघांचं काम एकत्र झालं, कुठेही एरर नाही, साइट चालू. अकराव्या दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन: "दादा, कारळ्याची एकदम वीस रुपयांनी का वाढवली?" बघतो तर कारळं ११० आणि जवस अजून ९०! तोवर जवसाची ६४ पाकिटं जुन्या दराने गेली होती. १,२८० रुपये खिशातून गेले. मी त्या मुलाला फोनवर नको तितकं बोललो.

आता यात गिट कुठून आलं? गिट म्हणजे फाइलमधल्या बदलांची वही. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ती सुरू केली, आज बहुतेक सगळे डेव्हलपर तीच वापरतात. तिच्यातल्या एका नोंदीला कमिट म्हणतात. कुणी, कधी, काय बदललं, सगळं त्यात. दोघांनी एकाच वेळी काम केलं, तर आपली नोंद उचलून दुसऱ्याच्या नोंदीनंतर नव्याने लिहायची सोय असते, तिला रीबेस म्हणतात. लक्षात घ्या, नोंद *नव्याने* लिहिली जाते. मजकूर तोच दिसतो, पण कमिट नवं आणि त्याचा क्रमांकही नवा.

नव्याने लिहिताना गिट जुन्या पद्धतीत काय करायचं? समजा, तुम्ही दुकानातल्या पोऱ्याला फोनवर सांगितलं, "एकविसाव्या ओळीतले ९० खोडून ११० लिही. वर वजन, पॅकिंग, टिकण्याचे दिवस आहेत, खाली साठा, घरपोच, किमान ऑर्डर आहे, बघून घे." पण तेवढ्यात कुणीतरी वर आठ ओळी घातल्या. आता एकविसाव्या ओळीवर कारळ्याचा दर आहे. पोऱ्या बघतो, वरच्या तीन ओळी जुळतात, खालच्या तीन जुळतात, मधे ९० आहे. लिहितो ११०. त्याची चूक काय? चटणीचं नाव तुम्ही सांगितलंच नव्हतं!

गिटमध्ये नेमकं हेच झालं. बदलाच्या वरच्या आणि खालच्या तीन-तीन ओळी बघून जागा शोधायची, ही जुनी पद्धत. सारख्या ओळी दोन ठिकाणी असल्या की चुकीची जागा पकडली जाऊ शकते, आणि तक्रार काहीच येत नाही. हा धोका गिटच्या स्वतःच्या माहितीपुस्तकात लिहिलेला आहे. तीनऐवजी दहा ओळी बघायला लावता येतं, पण मग जिथे भांडण नाही तिथेही गिट उगाच अडून बसतं.

म्हणून गिटवाल्यांनी जुन्या पद्धतीला ठिगळ न लावता नेहमीची पद्धतच बदलली. मार्च २०२० मध्ये आलेल्या २.२६ आवृत्तीपासून रीबेस मर्ज पद्धतीने चालतं. त्यात मूळ फाइल, तुमची फाइल आणि दुसऱ्याची फाइल अशा तिन्ही पूर्ण समोर ठेवून ताळा होतो. लसूण वर आली हे त्यातून कळतं, आणि ११० जवसालाच लागतात. जुनी पद्धत काढून टाकलेली नाही, मागितली तर अजून मिळते. आमच्या मुलाच्या लॅपटॉपवर उबंटू २०.०४ होतं, त्यासोबत गिट २.२५ येतं. एका आवृत्तीने हुकलं बघा.

चूक त्याची नव्हती हे कळलं रिफ्लॉगमुळे. नव्याने लिहिलं तरी जुनं कमिट लगेच पुसलं जात नाही, त्याच लॅपटॉपवर निदान ३० दिवस राहतं. ते उघडलं तर त्यात ११० जवसासमोरच होते. मी त्याची माफी मागितली. फोनवर नाही, दुकानात बोलावून, चहा पाजून.

दुरुस्ती करताना मात्र जुन्या नोंदीला पुन्हा हात लावला नाही. साइटवर चढलेली नोंद बदलली की दुसऱ्याच्या कॉपीशी ती जुळत नाही. सरळ नवं कमिट केलं: कारळं ९०, जवस ११०.

तुमच्या डेव्हलपरला एवढं विचारा, गिटची आवृत्ती कुठली? २.२६ च्या आधीची असेल तर अपडेट करायला सांगा. आणि दर बदलल्यावर तो स्क्रीनवर फरक दाखवेल, त्यात नुसतं "९० चे ११०" बघून मान डोलवू नका. तिथेही तीन-तीनच ओळी दिसतात, आम्हाला नाव दिसलंच नव्हतं. साइट उघडून वस्तूच्या नावासमोरचा दर बघा.

खरा इलाज आम्ही फाइलमध्येच केला, तो मला गिटच्या अपडेटपेक्षा भरवशाचा वाटतो. आता एका वस्तूला एकच ओळ: कोड, नाव, वजन, दर, सगळं तिथेच. ओळीतच "जवस" असल्यावर ती कारळ्यावर बसणार कशी?

कारळ्याची २३ पाकिटं ११० ने गेली होती. त्या गिऱ्हाइकांना पुढच्या ऑर्डरमध्ये पाकिटामागे २० रुपये कमी करून दिले. दोघांनी नको म्हटलं, पैशांऐवजी लसणाच्या चटणीचा नमुना मागितला.