घराजवळील अनोळखी गांधीलमाशीची परीक्षा

पेण व रोहे या तालुक्यांत पडवीच्या वाशांना किंवा मांडवाच्या बांबूंना वाटोळे भोक पडलेले दिसते, खाली भुसा सांडलेला असतो, आणि एखादा मोठा काळा कीटक गुणगुणत भोवती फिरत असतो. लाकूड खाणारी गांधीलमाशी आली, आता घर आणि आंबा दोन्ही जाणार, असे समजून कित्येक शेतकरी बंधू त्यास तत्काळ मारितात. आमच्या मते आधी परीक्षा करावी, मग उपाय.

लाकडात वाढणारी खरी गांधीलमाशी, जिला शास्त्रात सायरेक्स म्हणतात, ती चीड-देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांची. हिंदुस्थानात तिचे व तिच्या जातभाईंचे घर म्हणजे हिमालय. तिला कंबर मुळीच नसते. अंग नळकांड्यासारखे सरळ, शेवटी ताठ काटा, आणि मादीस अंडी घालण्याची सुईसारखी नळी असते. या नळीस लोक नांगी समजतात, परंतु ती माशी डसत नाही. लाकडात भोक पडते ते तिच्या बाहेर येण्याचे. परदेशी लाकडातून ती न्यूझीलंडात 1900च्या सुमारास, टास्मानियात 1952 साली व दक्षिण आफ्रिकेत 1994 साली आढळली, आणि तेथील लागवडीच्या चिडांस तिने फार उपद्रव दिला. कोकणात तिचे भक्ष्य नाही. तथापि न्हावा-शेवा बंदरातून येणाऱ्या मालाच्या खोक्यांचे लाकूड आपल्या गावांत सरपणास व फळ्यांस येते. अशा लाकडास गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियस उष्णता 30 मिनिटे देण्याचा किंवा औषधी धुरी देण्याचा आंतरराष्ट्रीय नियम 2002 सालापासून आहे. तसे केलेल्या लाकडावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असते; ते पाहूनच लाकूड घ्यावे.

मग वाशातील तो काळा कीटक कोण? तो बहुधा भुंगा होय. अंग लठ्ठ, पोट काळे तुळतुळीत, पंखांवर निळी-जांभळी झाक. भुंग्याची मादी वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत बोटाएवढे वाटोळे भोक पाडून पिलांसाठी पराग व मध यांचा गोळा ठेविते. ती लाकूड खात नाही आणि हिरव्या झाडास भोक पाडीत नाही. कमरेस सुतासारखी बारीक व मातीचे घर बांधणारी ती कुंभारीण. ती पिलांसाठी अळ्या किंवा कोळी धरून नेते.

आंब्याचा खरा शत्रू निराळाच आहे. जिवंत खोडाच्या भोकातून ओला भुसा व चिकट रस येत असेल, फांदी वाळत असेल, तर आत भिरूड आहे. ही लांब मिशांच्या भुंगेऱ्याची पांढरी अळी होय. तारेने भोक साफ करून अळी काढावी, रॉकेलचा बोळा आत घालून तोंड चिखलाने लिंपावे. भुंगे मारीत बसल्याने भिरूड मरत नाही, आणि झाड मात्र हातचे जाते.

भुंगा मारल्याने तोटाही आहे. भातशेतीच्या हिरवळीच्या खतासाठी आपण ताग पेरतो. तागाचे फूल जड अंगाच्या माशीने दाबल्याविना बी नीट धरीत नाही, आणि हे काम भुंगा करितो. वाल व शेवगा यांच्या फुलांवरही तो येतो. यास्तव घराच्या लाकडास तेलरंग किंवा डांबर लावावे, रिकामी भोके बुजवावी, आणि शेताच्या बांधावर एखादा वाळका ओंडका त्याच्यासाठी राहू द्यावा.

कंबर नसलेली, शेवटी काटा असलेली माशी खोक्यांच्या लाकडाजवळ सापडल्यास ती बाटलीत स्पिरिटमध्ये घालावी. लाकूड कोठून आले व तारीख कोणती हे चिठ्ठीवर लिहून बाटली कर्जत येथील कृषी संशोधन केंद्राकडे किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे पोचवावी. चिरडलेल्या माशीवरून कोणासही ओळख पटविता येत नाही.