‘महल’मधील भूत कोण होते?

बी. ए. द्वितीय वर्ष

पडक्या वाड्यातील भुताची गोष्ट ऐकली नाही, असा माणूस आपल्या बुलडाणा जिल्ह्यात विरळाच. गढी म्हटली की तिच्यात रात्री फिरणारी एखादी बाई आलीच. अशाच एका गोष्टीवर उभारलेल्या ‘महल’ या जुन्या हिंदी चित्रपटाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मालाडच्या ‘बॉम्बे टॉकीज’ने हा चित्रपट १९४९ साली काढला. दिग्दर्शक म्हणून कमाल अमरोही यांचा तो पहिलाच. नायक अशोककुमार, नायिका मधुबाला, वय अवघे सोळा. छायालेखन जोसेफ विर्शिंग या जर्मन कलावंताचे. त्यात भीती दाखविण्यासाठी अक्राळविक्राळ चेहरे नाहीत. रिकामी दालने, लांबलचक सावल्या, हलणारा झोपाळा आणि दुरून येणारे गाणे एवढ्यावरच अंगावर काटा उभा राहतो.

कथा थोडक्यात अशी. हरिशंकर नदीकाठच्या ‘संगम भवन’ या ओसाड महालात राहावयास येतो. म्हातारा माळी त्याला सांगतो की, पूर्वी येथे कामिनी नावाची स्त्री प्रियकराची वाट पाहत असे. तो बुडाला आणि तीही गेली. भिंतीवरील त्या प्रियकराची तसबीर हुबेहूब हरिशंकरसारखी! मग रात्री कामिनी दिसू लागते आणि तो तिच्यात गुरफटत जातो. त्याची पत्नी रंजना मात्र उपेक्षेने खचून विष घेते. तिच्या मृत्यूचा आळ हरिशंकरवर येतो. अखेर न्यायालयात उलगडा होतो की, कामिनी हे भूत नव्हतेच. ती माळ्याची मुलगी आशा होती. त्याच महालाची राखण करीत, तीच गोष्ट ऐकत ती वाढली होती.

समीक्षक या चित्रपटाकडे पुनर्जन्माची कथा म्हणून पाहतात. मला मात्र आशाचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. माळ्याची मुलगी म्हणून ती समोर आली असती, तर हरिशंकर तिच्यासाठी थांबला असता काय? महालात तिला राखणीचे काम होते, स्थान नव्हते. ते तिने भूत होऊन मिळविले. त्याची किंमत मात्र निरपराध रंजनाला मोजावी लागली, हेही विसरता येत नाही.

योगायोग असा की, चित्रपटाच्या गाण्याचेही तसेच झाले. खेमचंद प्रकाश यांनी संगीत दिलेले ‘आयेगा आनेवाला’ लता मंगेशकर यांनी गायिले. आवाज दुरून जवळ येतो असे भासावे म्हणून त्या गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या. परंतु ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’! आवाज घरोघरी पोचला. आवाजाची धनीण मात्र पडद्याआड राहिली. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा कोठे खरे नाव कळले.

हे सारे मला एवढे का भिडले, तेही सांगितले पाहिजे. आमच्या गावच्या गढीतही ‘बाई’ दिसे, असे जुनी माणसे सांगतात. रात्री माडीवर उजेड हलताना अनेकांनी पाहिला होता. सुट्टीत घरी गेले असता मी आजीला ‘महल’ची गोष्ट सांगितली. ती हसली आणि म्हणाली, “अवं, तो कंदील माह्या हातात राहे. दिवसभर निंदन, मंग राती गढीची झाडलोट. लोकाईले वाटे भूत हाय.”

“मग तू सांगितलं का नाही?” मी विचारले.

“इचारलं कोनं?” ती म्हणाली.

आजीला अक्षरओळख नाही. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. गढीच्या मालकांची नावे गावात अजून सर्वांना पाठ आहेत. माडी झाडणाऱ्या बाईला मात्र गावाने भूत ठरविले. तेव्हा वाचकहो, यापुढे वाड्यातील भुताची गोष्ट कानी आली, तर घाबरण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे: त्या वाड्यात कामाला कोण जात होते?