मीटर ते जनसुनावणी: फाउंड्री आणि महाविद्यालय जोडण्याची कृती

कोल्हापूरकडच्या, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांचं एक गणित वर्षानुवर्षं ठरलेलं होतं: रात्री वीज स्वस्त, म्हणून भट्टी रात्री लावायची. आता दुपारी सौरवीज भरपूर होऊ लागली, तशी वेळेनुसार बदलणाऱ्या दरातली (टीओडी) सवलत दिवसाकडे सरकते आहे. मग शिफ्ट बदलायची का? याचं उत्तर काढायची विद्या जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आहे आणि त्यासाठी लागणारी माहिती कारखान्याच्या मीटरमध्ये. या दोघांची गाठ घालण्याची रीत मी काम करता करता शिकले, ती अशी.

सुरुवात वीजबिलापासून करा. शोधनिबंधाचा विषय आधीच ठरवून कारखान्यात जाऊ नका. बारा महिन्यांची बिलं मागून घ्या आणि मालकाशेजारी बसून वाचा. कॉन्ट्रॅक्ट डिमांड किती, कमाल डिमांड म्हणजे एमडी कुठवर गेली, पॉवर फॅक्टर काय, कोणत्या टीओडी झोनमध्ये किती युनिट पडली. तासाभरात मालकच विचारतो, ‘‘मॅडम, मार्चमध्ये डिमांड एवढी का चढली?’’ तो प्रश्न त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. संशोधनाचा विषय तो.

मग एका पानाचा करार करा. कारण लोड पाहून कारखान्यात किती शिफ्ट चालतात, ऑर्डर कधी कमी होत्या, हे कुणालाही कळतं. माहिती कोण पाहणार, कारखान्याचं नाव कसं झाकणार, ती केव्हा पुसणार, सगळं लिहा. मालकाने निष्कर्ष आधी वाचावेत, पण बदलू नयेत, हेही लिहाच. कामगारांच्या घरचे मीटर अभ्यासात घेणार असाल तर प्रत्येक घराची वेगळी संमती हवी. घराला कुलूप कधी असतं तेसुद्धा मीटर सांगतो.

आता लोड सर्व्हे मिळवा. दर 15 मिनिटांची नोंद असेल तर दिवसाला 96 आणि वर्षाला 35,040 आकडे हाती येतात. मीटर जुना असेल तर मीटर वाचणाऱ्या उपकरणाचा (एमआरआय) रिपोर्ट मागा. मीटरचं घड्याळ आपल्या घड्याळाशी ताडून पाहा; ते काही मिनिटं मागेपुढे असलं की झोनचा सगळा हिशेब चुकतो. आमच्या विद्यार्थ्यांनी एकदा वीज गेल्याच्या वेळचे शून्य आकडे ‘भट्टी बंद’ म्हणून धरले आणि तीन आठवड्यांचं काम पाण्यात गेलं. तेव्हापासून कारखान्याचं लॉगबुक शेजारी उघडं ठेवल्याशिवाय आम्ही आलेखाला हात लावत नाही.

यापुढची पायरी सगळ्यात जास्त वेळ मागते, आणि तो द्यावाच. एक अख्खी शिफ्ट भट्टीजवळ काढा. एका कारखान्याच्या आलेखात जेवणाच्या सुट्टीतही लोड खाली येत नव्हता. संगणकावर कारण सापडेना. आत उभं राहिल्यावर दिसलं, धातू वितळून तयार होता, पण साचे तयार नव्हते. म्हणून भट्टी नुसती गरम राखण्यात वीज जात होती. वर कॉम्प्रेसर चालूच होता आणि शेडमध्ये सगळीकडे शांतता असताना एका नळीच्या सांध्यातून हवेचा ‘स्स्स’ आवाज स्पष्ट येत होता. भट्टी सांभाळणारे मेल्टरकाका म्हणाले, ‘‘हे आम्हाला ठाऊक आहे, पण विचारलं कुणी?’’ विद्यार्थ्याला त्यांच्याशेजारी बसवा आणि आलेखातला एकेक उंचवटा त्यांना दाखवून विचारायला सांगा.

मग प्रयोग. तुलनेशिवाय तो करू नका. लंडनमध्ये यूके पॉवर नेटवर्क्स ही वितरण कंपनी आणि इम्पीरियल कॉलेज यांनी ‘लो कार्बन लंडन’ प्रकल्पात 5,567 घरांच्या मीटरची अर्ध्या तासाची नोंद ठेवली. 2013 मध्ये त्यांतल्या सुमारे 1,100 घरांना बदलता दर लावला: महाग वेळेला युनिटला 67.20 पेन्स, स्वस्त वेळेला 3.99. बाकीची घरं एकाच दराने वीज घेत राहिली, म्हणून फरक मोजता आला. फाउंड्रीत दोन आठवडे दिवसा आणि दोन आठवडे रात्री वितळवून पाहा, मग पुन्हा आलटून पालटून. हिशेब टनामागे रुपयांत मांडा. मजुरी आणि रिजेक्शन त्यात धरा, नाहीतर मालक तुमचा आकडा मानणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

निष्कर्ष धोरणापर्यंत न्यायचा तर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या वेळापत्रकाकडे डोळा ठेवा. विद्युत कायदा 2003 नुसार दरप्रस्ताव मिळाल्यापासून 120 दिवसांत आयोगाला निर्णय द्यावा लागतो. सूचना-हरकतींसाठी त्यातले थोडेच दिवस मिळतात आणि कॉलेजची सेमिस्टर त्यांच्यासाठी थांबत नाही. म्हणून दोन पानी मराठी निवेदन, एक आलेख आणि एक तक्ता आधीच तयार ठेवा. ते उद्योजक संघटनेमार्फत द्या. पुण्याच्या ‘प्रयास’च्या ऊर्जा गटाची आयोगापुढची निवेदनं काढून वाचा, आकडा आणि मागणी शेजारी शेजारी कशी ठेवायची ते त्यांत दिसतं. आयोगाच्या जनसुनावणीला प्राध्यापकाने आकडे सांगावेत, मालकाने शिफ्टची अडचण.

पुढचं बिल आलं की वहीचं पहिलं पान उघडा. मार्चच्या प्रश्नाखाली नवी एमडी लिहा आणि ती वही आधी मेल्टरकाकांना दाखवा.